एकटीने समृद्धीवर जायचं म्हणून गाडीत काय ठेवलं, कुठे ठेवलं आणि काय मुद्दाम नाही ठेवलं

फेब्रुवारी २०२५ मध्ये ऑफिसने जालन्याचं काम माझ्या गळ्यात टाकलं. मी इन्स्ट्रुमेंट कॅलिब्रेशनमध्ये आहे, म्हणजे कारखान्यांतले थर्मामीटर, प्रेशर गेज खरं बोलतायत का ते तपासायचं, आणि जालन्यात स्टीलच्या रोलिंग मिल्स भरपूर. नाशिकहून पहाटे निघायचं, सिन्नरपुढे गोंद्याला समृद्धी महामार्गावर चढायचं, जालन्याला उतरायचं आणि काम उरकून परत. मिलमधलं काम कधी वेळेवर संपत नाही त्यामुळे परतताना अंधार ठरलेलाच. गाडी माझी, सेकंडहँड हॅचबॅक, पेट्रोल-सीएनजी, म्हणजे डिकीत निम्मी जागा सिलिंडरची आणि त्याच्या शेजारी उभी स्टेपनी.

घरी हे कळल्यावर जे व्हायचं तेच झालं. आई म्हणाली ड्रायव्हर ठेव, बाबा म्हणाले रात्र झाली तर तिथेच राहा, आणि मामा रविवारी आला तो फडक्यात गुंडाळलेली आजोबांची गुप्ती घेऊनच. दिसायला साधी काठी, मूठ फिरवून ओढली की आत हातभर पातं. "सीटखाली ठेव, कोणाला दिसत नाही," मामा म्हणाला. मी म्हटलं मामा, मी आधी विचारून येते, तोवर तूच ठेव. हे मी टाळायला म्हटलं होतं पण नंतर खरंच विचारायला गेले ते बरं झालं.

आधी गाडी रिकामी केली. कोणी हे करणार असेल तर सुरुवात इथूनच करा, खरेदीपासून नाही. आधीच्या मालकाच्या काळापासूनचं सगळं बाहेर काढून चटईवर मांडलं तर ट्रँगल (गाडी बंद पडली की मागे रस्त्यावर ठेवायचा लाल चमकणारा त्रिकोण) पॅकिंगमधून कधी बाहेरच आला नव्हता, फर्स्ट एड किटमधल्या पट्ट्यांचा गोंद वितळून सगळा एकच गोळा झालेला, जॅक होता, पाना होता पण इतका आखूड की मी त्यावर उभी राहिले तरी नट हलेना. पंक्चरवाले मशीनने नट आवळतात, ते हाताने सुटत नाहीत. मग लांब होणारा पाना घेतला, साडेपाचशे रुपये, आणि पंक्चरवाल्या दादांकडे जाऊन चारही चाकांचे नट सैल करून परत हाताने आवळून घेतले. आता कुठेही हवा-पंक्चरचं काम झालं की मी समोर उभी राहून एक नट स्वतः सोडवून बघते. दुकानदार जरा विचित्र बघतात, बघू दे.

त्याच आवराआवरीत सिलिंडरवरची छोटी प्लेट पाहिली. सीएनजी सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने टाकीची तपासणी, दर ३ वर्षांनी करावी लागते, आणि माझी मार्चमध्ये संपत होती. टेस्टिंग सेंटरला आधी फोन करून नंबर लावावा लागला, मग सिलिंडर काढून टाकी तपासून परत बसवेपर्यंत गाडी दोन दिवस तिथेच, खर्च अडीच हजारांच्या आसपास. सोबत आरसीची झेरॉक्स आणि जुनं सर्टिफिकेट मागतात, जुनं माझ्याकडे नव्हतं तर प्लेटवरचा नंबर बघून काम झालं. तिथल्या काकांनी एक गोष्ट दाखवली जी मला गाडी घेतल्यापासून कोणी दाखवली नव्हती, सिलिंडरच्या तोंडावरचा हाताने बंद करायचा व्हॉल्व्ह. गॅसचा वास आला तर गाडी बंद, सगळे बाहेर, जमत असेल तर हा व्हॉल्व्ह बंद आणि लांब जायचं. लाइटची बटणंही चालू-बंद करत बसायचं नाही. म्हणून मी डिकीत सामान अशा पद्धतीने लावलंय की त्या व्हॉल्व्हपर्यंत हात सरळ जातो.

मग पोलीस स्टेशन. मला वाटलं होतं हसतील. ड्युटीवरच्या हवालदार साहेबांनी बसवून घेतलं, चहा सांगितला आणि पहिला प्रश्न विचारला, "कोणी त्रास देतंय का? तक्रार लिहायची का?" नाही म्हटल्यावर मोकळेपणाने बोलले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, मॅडम, स्प्रे ठेवा, टॉर्च ठेवा, शिट्टी ठेवा, दांडा-तलवार-चॉपर असलं काही ठेवू नका. शहरात आणि ग्रामीणमध्ये सणासुदीला, निवडणुकीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतो, पेपरात छोटी बातमी येते ती आपण वाचत नाही, त्यात सोटे, दंडे, भाले, सुरे आणि शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कुठलीही वस्तू बाळगायला बंदी असते. नाकाबंदीत डिकीत बेसबॉलची बॅट सापडली आणि बॉल सापडला नाही तर काय समजायचं, असं म्हणून ते स्वतःच हसले.

गुप्तीचं नाव न घेता "काठीत पातं असलेलं काही" असं विचारलं तर हसणं थांबलं. आर्म्स ॲक्टच, म्हणाले. घरी येऊन मी नियम वाचले. शस्त्र नियमांच्या पहिल्या परिशिष्टात तलवारीसोबत काठीतली तलवारही आहे, खंजीर आहे, ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू आहेत (घरगुती, शेतीच्या, कारखान्याच्या कामाची हत्यारं वगळून), आणि विशेष म्हणजे स्टीलचा दंडा आहे. तोच फोल्डिंगचा, झटकला की लांब होणारा, जो ऑनलाइन "सेल्फ डिफेन्स"च्या नावाखाली सर्रास विकला जातो. विकला जातो म्हणजे गाडीत ठेवलेला चालतो असं नाही. मामाला फोन करून सगळं वाचून दाखवलं, म्हटलं घरातसुद्धा ठेवायची का ते वकिलांना विचार. तो नाराज झाला, "आमच्या वेळी" वगैरे झालं, पण विचारलं त्याने.

पेपर स्प्रेला लायसन्स लागत नाही, पण ते खेळणंही नाही. २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने एका भांडणात स्प्रे मारल्याच्या प्रकरणात गुन्हा रद्द करायला नकार देताना स्प्रे हे धोकादायक शस्त्र ठरू शकतं असं म्हटलंय. तिथे जिवाला धोका नसताना मारला होता हा मुद्दा होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, आणि त्यातच ३७ मध्ये स्पष्ट आहे की बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही. पार्किंगवरून शिव्या दिल्या म्हणून स्प्रे काढायचा नाही, एवढं मी माझ्यापुरतं समजून घेतलं.

मी घेतला तो धारेचा, फवाऱ्याचा नाही. फवारा वाऱ्याने उलटा आपल्याच तोंडावर येतो, धार सरळ जाते. साडेचारशे रुपये, वर सरकवायचं लॉक, खाली एक्स्पायरी छापलेली. गच्चीवर वाऱ्याकडे पाठ करून अर्धा सेकंद मारून बघितला, तेवढ्यावरही खाली वाळत घातलेल्या कुरडया काढायला आलेल्या काकू खोकायला लागल्या, मग माफी मागून कुरडया आत नेऊन दिल्या. बंद गाडीत हा मारायचा नाही हे तिथेच कळलं. समोरच्याला लागायच्या आधी आपणच गाडी चालवायच्या लायकीचे राहणार नाही. गाडीत बसलेलं असताना आपलं हत्यार म्हणजे सेंट्रल लॉक, हॉर्न आणि ॲक्सिलरेटर. काच खाली न करता बोलायचं आणि सिग्नलला पुढच्या गाडीचे मागचे टायर दिसतील एवढं अंतर ठेवून थांबायचं, म्हणजे वळून निघता येतं. याला एक रुपया लागत नाही.

फायर सिलिंडर सातपूर एमआयडीसीतल्या दुकानातून घेतला, ऑनलाइन मुद्दाम नाही. ऑनलाइन डिओच्या बाटलीएवढे गोंडस स्प्रे दिसतात, मला सीएनजी गाडीला ते पटेनात. एबीसी पावडरचा १ किलोचा, आयएसआय मार्क, गेजचा काटा हिरव्यात, बनवल्याची तारीख त्याच वर्षाची, अकराशे रुपये. माझा धंदाच गेज तपासण्याचा त्यामुळे मी काट्यावर टिचकी मारून बघितली, दुकानदार म्हणाला ताई आजवर हे कोणी केलं नव्हतं. वापरायचं कसं तेही त्यानेच दाखवलं: पिन ओढायची, नोझल आगीच्या बुडाशी धरायची, ज्वाळांवर नाही, दाबून डावी-उजवीकडे फिरवायचं. एवढासा सिलिंडर आठ-दहा सेकंदांत संपतो. बॉनेटमधून धूर आला तर बॉनेट पूर्ण उघडायचं नाही, हवा मिळून आग भडकते, फटीतून पावडर मारायची, आणि विझली नाही तर नाद सोडून लांब पळायचं.

काच फोडायची हातोडी आणि बेल्ट कापायचं पातं असं एकत्र मिळतं, साडेतीनशेला घेतलं, पण ते चालतं का हे कसं कळणार? आमच्या गॅरेजवाल्या भाऊंकडे भंगारात एक दरवाजा आणि एक पुढची काच पडली होती, म्हटलं मारून बघू का. दरवाजाच्या काचेच्या मधोमध मारलं तर काहीच नाही, हात झणझणला. भाऊ म्हणाले कोपऱ्यात मारा. खालच्या कोपऱ्यात टोक टेकवून मारलं आणि टक् असा एवढासाच आवाज झाला, सगळी काच पांढरी झाली, जाळीसारख्या रेषा कडेपर्यंत पळत गेल्या, काच तशीच उभी राहिली आणि भाऊंनी कोपराने ढकलल्यावर साखरेसारखी खाली आली. पुढच्या काचेवर मात्र कितीही मारलं तरी फक्त चट्टे पडत राहिले, कारण ती दोन काचांच्या मधे प्लास्टिकचा थर असलेली लॅमिनेटेड असते. म्हणजे अडकलो तर पुढच्या काचेशी वेळ घालवायचा नाही. काही नव्या महाग गाड्यांना बाजूच्या काचाही लॅमिनेटेड येतात, तेव्हा आपल्या काचेच्या कोपऱ्यातलं बारीक छापलेलं वाचून घ्या. बेल्टचं पातं जुन्या बेल्टवर चालवून बघितलं, सरळ ओढलं तर अडकतं, तिरकं ओढलं की सर्रकन जातं.

आता ठेवायचं कुठे. माझ्या मते वस्तू आणणं सोपं, हेच अवघड, आणि इथेच लोक गडबड करतात, सगळं एका छान बॅगेत भरून डिकीत टाकतात. गाडी उलटली, दार चेपलं तर डिकीतली हातोडी कोणाच्या कामाची? मी एक सोपी परीक्षा ठरवली: बेल्ट लावून, डोळे मिटून, आधी उजव्या मग डाव्या हाताने वस्तू सापडली पाहिजे. दाराच्या कप्प्यात हातोडी ठेवली तर सापडते, पण उलटल्यावर तिथून ती कुठे जाईल सांगता येत नाही. शेवटी गिअरच्या बाजूच्या पॅनेलवर, माझ्या गुडघ्याजवळ, क्लिप आणि वेल्क्रोचा पट्टा असं दोन्ही लावून बसवली.

फायर सिलिंडर ड्रायव्हरच्या सीटखाली कधीच नाही, सुटून ब्रेकच्या पेडलमागे गेला तर संपलं. शेजारच्या सीटच्या पुढच्या कडेला लोखंडी ब्रॅकेटमध्ये बसवला, साडेतीनशे रुपये ब्रॅकेट, शंभर मजुरी. बसवणारा मुलगा ड्रिल घेऊनच आला होता, त्याला थांबवलं. सीटखाली पिवळ्या कनेक्टरच्या वायरी असतात, पिवळं म्हणजे एअरबॅगच्या सर्किटचं, तिथे भोक पाडणं सोडा, हातही लावायचा नाही. सीटच्या मूळच्याच बोल्टवर पट्टी टाकून काम झालं. डॅशबोर्डवर, विशेषतः एअरबॅगच्या झाकणावर, काही चिकटवायचं नाही, मग तो गणपती का असेना. माझा गणपती आता आरशाच्या मागे छोट्या स्टिकरच्या रूपात आहे.

मे महिन्यात उन्हाचा प्रश्न आला. स्प्रेच्या डब्यावर "५० अंशांपेक्षा जास्त तापू देऊ नये" असं छापलेलं असतं आणि जालन्यात मिलच्या पार्किंगला झाड नाही. माझ्याकडे कामाचा डेटा लॉगर, म्हणजे तापमान सतत नोंदवत राहणारं यंत्र, असतोच, एका दुपारी चार सेन्सर गाडीत लावून कामाला गेले. बाहेर बेचाळीस होतं. संध्याकाळी ग्राफ उघडला तर डॅशबोर्ड सत्तरीच्या पुढे, ग्लोव्ह बॉक्स पन्नाशी ओलांडलेला, सीटखाली पन्नासच्या जरासं अलीकडे, आणि डिकी त्याहून थोडी थंड. त्या दिवसापासून स्प्रे गाडीत राहत नाही, पर्समध्ये राहतो आणि माझ्यासोबत उतरतो. तसंही गाडीतून उतरून पार्किंग ते गेट एवढ्या टप्प्यातच त्याची गरज. मिलच्या गेटवर सिक्युरिटीवाले तो जमा करून टोकन देतात, परतताना घ्यायचा, पहिल्यांदा रजिस्टरमध्ये "मिरची फवारा १ नग" असं लिहिलं होतं. विमानात हँडबॅगेत चालत नाही हेही लक्षात ठेवा.

त्याच ग्राफमुळे बाकीही बरंच गाडीबाहेर गेलं. लिथियमवाला जंप स्टार्टर मी घेणार होते, तो रद्द केला आणि साध्या जंपर केबल घेतल्या, सहाशे रुपये, त्यांना उन्हाने काही होत नाही. जोडायचा क्रम मी कागदावर लिहून केबलच्या पिशवीतच ठेवलाय: लाल बंद गाडीच्या प्लसला, लाल चालू गाडीच्या प्लसला, काळी चालू गाडीच्या मायनसला, आणि शेवटची काळी बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीला नाही. पॉवर बँक, डिओ, लायटर, सॅनिटायझरची मोठी बाटली सगळं बाहेर. गोळ्यांच्या पाकिटावर ३० अंशांखाली ठेवा लिहिलेलं असतं, म्हणजे त्यापण पर्समध्ये. फर्स्ट एडमध्ये आता जाड गॉझ, क्रेप बँडेज, तिकोनी कापड, कात्री, हातमोजे एवढंच. टॉर्चचे सेल टॉर्चमध्ये न ठेवता टेप लावून शेजारी, उन्हाने गळून आतल्या स्प्रिंगा खातात.

एप्रिलमध्ये इन्शुरन्स रिन्यू केला तेव्हा रोडसाइड असिस्टन्स घेतला, काही शेकड्यांचा फरक पडतो. पण घेताना टोचन किती किलोमीटरपर्यंत फुकट आणि एक्स्प्रेसवेवर गाडी आत येऊन नेणार का हे विचारा. मला फोनवर सांगितलं की आतून महामार्गाची क्रेन बाहेर आणून देईल, पुढे आम्ही. ते ईमेलवर लिहून मागितलं, आठवड्याने आलं. नंबरांचंही तसंच, १०३३ राष्ट्रीय महामार्गांचा आहे आणि समृद्धी एमएसआरडीसीचा, म्हणजे राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा, त्याची हेल्पलाइन वेगळी, ती बोर्डवरून टिपून घेतली. ११२ आणि ॲम्ब्युलन्सचा १०८ सगळीकडे. फोनमध्ये पॉवर बटण पाच वेळा दाबलं की इमर्जन्सी कॉल जाईल असं सेट केलंय, लोकेशन आई-बाबांना जातं.

जुलैत हे सगळं एकदाच वापरावं लागलं आणि तेही अगदी साध्या कारणाने. संभाजीनगर मागे टाकून नाशिककडे येताना पाऊस, अंधार आणि गाडी डावीकडे ओढायला लागली. मागचा डावा टायर. हॅझर्ड लावून जमेल तेवढं डावीकडे घेतलं, आणि रिफ्लेक्टर जॅकेट माझ्या सीटच्या मागच्या खिशात होतं ते उतरायच्या आधी आतच घातलं, डिकीत असतं तर ओल्या अंधारात आधी गाडीमागे जावं लागलं असतं. शेजारच्या सीटवरून डाव्या दाराने उतरले. ट्रँगल घेऊन कडेकडेने, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालत गेले, गाडीपासून ५० मीटर म्हणतात पण त्या वेगाला मला ते कमी वाटलं, शंभरेक पावलांवर ठेवला आणि चुंबकाचा लाल एलईडी गाडीच्या छतावर चिकटवला. मग गाडीत न बसता लोखंडी बॅरियरच्या पलीकडे उभी राहून हेल्पलाइनला फोन केला. बोर्डवरचा किलोमीटर नंबर सांगितला की त्यांना लगेच कळतं.

पाऊण तास गेला. भीती वाटली का, हो, वाटली. एक पिकअप पुढे जाऊन थांबली आणि मागे यायला लागली तेव्हा पर्समधल्या स्प्रेचं लॉक सरकवून हात आतच ठेवला. दोघं उतरले, वैजापूरकडचे टोमॅटोवाले होते, माझं जॅकेट आणि छतावरचा दिवा बघून पोलिसांची गाडी आहे का म्हणून विचारायला आले होते. मी लांबूनच म्हटलं दादा, पेट्रोलिंग येतंय, तुम्ही निघा, ते "बरं ताई" म्हणून गेले. लॉक परत लावताना बोट थरथरत होतं त्यामुळे दोनदा सरकवावं लागलं. पेट्रोलिंगची गाडी आल्यावर त्यांनी मागे दिवे लावून उभी केली, मग चाक बदललं, नट हाताने सुटले.

सगळं मिळून खर्च हायड्रो टेस्ट धरून साडेसहा हजारांच्या घरात गेला, इन्शुरन्सचं वेगळं. एकदम नाही, फेब्रुवारी ते मे हळूहळू. मी फोनवर १ मे आणि १ नोव्हेंबर असे दोन रिमाइंडर लावलेत. तेव्हा फायर सिलिंडरचा काटा बघायचा, तो काढून उलटासुलटा हलवायचा म्हणजे धक्क्यांनी तळाशी बसलेली पावडर मोकळी होते, स्प्रेची तारीख, स्टेपनीची हवा (ही दर वेळी कमीच सापडते), सेल, आणि हातोडीचा वेल्क्रो. उन्हाने वेल्क्रोचा गोंद सुटतो, नोव्हेंबरमध्ये एकदा बदलला, तीस रुपये. सिलिंडरची पुढची हायड्रो टेस्ट मार्च २०२८, त्या रिमाइंडरमध्ये टेस्टिंग सेंटरचा फोन आणि "या वेळचं सर्टिफिकेट ग्लोव्ह बॉक्समध्ये आहे" एवढं लिहून ठेवलंय.